माउंटचं वचन

१ जुलै २००८ रोजी निकॉनने 'डी७००' हा कॅमेरा जाहीर केला. अडीच महिन्यांनी, १७ सप्टेंबरला, कॅननने 'ईओएस ५डी मार्क २' जाहीर केला. दोन्ही डिजिटल एसएलआर. दोघांचा सेन्सर साधारण ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे जुन्या फिल्मच्या एका चौकटीएवढा. अमेरिकेतली जाहीर किंमत पहिल्याची २,९९९ डॉलर, दुसऱ्याची २,६९९. दोघांचं शटर दीड लाख क्लिकसाठी तपासलेलं. दोघांत मेमरी कार्डाची खाच एकच.

इथपर्यंत जुळी भावंडं. पुढे मात्र दोघांचं पटत नाही. डी७०० मध्ये १२.१ मेगापिक्सेल, मार्क २ मध्ये २१.१. डी७०० मध्ये फोकसचे ५१ बिंदू, मार्क २ मध्ये ९. डी७०० सेकंदाला ५ फोटो काढतो, मार्क २ काढतो ३.९. मार्क २ फुल एचडी व्हिडिओ काढतो आणि डी७०० व्हिडिओ काढतच नाही.

मग कोणता घ्यायचा? हा प्रश्न तुम्हाला शिळा वाटेल. खिशातला फोन व्हिडिओत या दोघांनाही मागे टाकतो, हे मलाही दिसतं. पण मुंबईत फोर्टला, बोरा बाजाराच्या आसपास जुने कॅमेरे विकणाऱ्या दुकानांत चक्कर मारा. ही दोन नावं अजून काचेमागे असतात, आणि नव्या मिररलेस कॅमेऱ्याचे पैसे ज्याच्याकडे नाहीत पण ज्याला फोटोंवर पोट भरायचं आहे, असा कुणीतरी काचेच्या अलीकडे उभा असतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, फोटोग्राफर नाही. या दोन कॅमेऱ्यांनी मला पकडलं ते वेगळ्या कारणाने. आमच्या कामात आठवड्यातून एकदा तरी एक वाद होतोच: जुनं सांभाळत पुढे जायचं, की एकदाच मोडून नवं बांधायचं? जुनं सांभाळलं तर कोडमध्ये ठिगळं वाढत जातात. मोडलं तर आपल्यावर विसंबलेली माणसं उघड्यावर पडतात. निकॉन आणि कॅनन यांनी हाच वाद लोखंडात आणि काचेत घातला. दोघांनी उलटी उत्तरं दिली, आणि त्या उत्तरांचा हिशोब लागायला अनेक दशकं लागली. २००८ ची निवड त्या हिशोबातलं फक्त एक पान आहे.

पहिला कॅनन, लेन्स निकॉनची

आज ज्यांची नावं 'भारत-पाकिस्तान'सारखी समोरासमोर घेतली जातात, त्या कंपन्यांची सुरुवात भागीदारीत झाली होती.

निप्पॉन कोगाकु ही कंपनी १९१७ ची. जपानला परदेशी काचेवर अवलंबून राहावं लागू नये म्हणून दुर्बिणी, सूक्ष्मदर्शक, लष्करी उपकरणं बनवणारी. हीच पुढे निकॉन झाली. दुसरीकडे १९३३ मध्ये टोकियोच्या रोप्पोंगी भागात एक छोटी प्रयोगशाळा उघडली. जर्मन लायकासारखा कॅमेरा जपानमध्ये बनवायचा, एवढं तिचं स्वप्न. १९३४ मध्ये तिने आपल्या पहिल्या नमुन्याला नाव दिलं 'क्वानॉन'. क्वानॉन म्हणजे कान्नोन, करुणेची बौद्ध देवता. आपण तिला अवलोकितेश्वर म्हणून ओळखतो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेतलेला पद्मपाणी आहे ना, तोच. 'कॅनन' हे नाव त्यातून आलं. पुढच्या वेळी कुणाच्या गळ्यातल्या पट्ट्यावर हे नाव वाचाल तेव्हा अजिंठा आठवायला हरकत नाही.

या प्रयोगशाळेला कॅमेऱ्याची बॉडी आणि शटर जमत होतं, पण लेन्स जमत नव्हती. ती निप्पॉन कोगाकुला जमत होती. म्हणून १९३६ मध्ये बाजारात आलेल्या 'हान्सा कॅनन' या कंपनीच्या पहिल्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स बसली ती 'निक्कोर'. लेन्सच नाही, लेन्स बसवायचा माउंट आणि व्ह्यूफाइंडरचं काचकामही निप्पॉन कोगाकुचं. म्हणजे पहिला कॅनन अर्धा निकॉन होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

४४ मिलिमीटरचं वचन

माउंट म्हणजे बॉडीच्या तोंडाशी असलेलं धातूचं कडं, जिथे लेन्स फिरवून अडकवतात. त्याची दोन मापं महत्त्वाची. एक, भोक किती रुंद. दुसरं, त्या कड्यापासून आत फिल्मपर्यंत किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर किती. लेन्स बनवणारा हे अंतर धरूनच काच घासतो. ते एका मिलिमीटरने चुकलं तरी दूरचा डोंगर स्पष्ट दिसणार नाही.

१९५९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपापला पहिला एसएलआर काढला. कॅननचा 'कॅननफ्लेक्स' फार चालला नाही. निकॉनचा 'निकॉन एफ' मात्र जगभरच्या वृत्तछायाचित्रकारांच्या गळ्यात गेला. व्हिएतनाम युद्धाची आपण पाहतो त्यांतली कितीतरी चित्रं त्याच्यातून आली. त्याच्या तोंडाचा माउंट, 'एफ माउंट', आतून ४४ मिलिमीटर रुंद होता आणि फिल्म त्यापासून ४६.५ मिलिमीटर आत होती.

इथून निकॉनने एक न लिहिलेलं वचन पाळायला सुरुवात केली: हे कडं बदलायचं नाही. ज्याने आमची लेन्स घेतली त्याला ती फेकायला लागू नये.

वचन पाळताना काय कसरत करावी लागते त्याचं एक उदाहरण सांगतो. लेन्सचं ॲपर्चर जास्तीत जास्त किती उघडतं हे कॅमेऱ्यातल्या मीटरला कळावं लागतं. सुरुवातीच्या पद्धतीत लेन्स बसवल्यावर ॲपर्चरची रिंग दोन्ही टोकांना एकदा फिरवून घ्यावी लागे. लेन्सच्या वर दोन कान असलेला एक धातूचा तुकडा असे, तो बॉडीच्या खिळ्यात अडकून ही माहिती पोचवत असे. १९७७ मध्ये निकॉनने 'एआय' पद्धत आणली. आता रिंगच्या कडेची एक पायरी बॉडीवरच्या कळीला ढकलत होती आणि फिरवाफिरवी संपली. पण नव्या लेन्सांवरही ते जुने कान ठेवले गेले, म्हणजे जुन्या बॉडीवाल्यांचं अडणार नाही. आणि जुन्या लेन्सा कंपनीकडे देऊन नव्या पद्धतीच्या करून घेता येत होत्या.

सॉफ्टवेअरवाल्या माणसाला हे वाचून भरून येतं. नवी आवृत्ती जुन्या ग्राहकासोबत चालते, जुनी आवृत्ती नव्या बॉडीसोबत चालवण्याची सोयही आहे. आमच्याकडे एवढं केलं तर टीमला केक मिळतो.

१९८७: कॅननने मोडलं

१९८५ मध्ये मिनोल्टा या तिसऱ्याच जपानी कंपनीने दोघांची झोप उडवली. तिच्या ७००० या एसएलआरमध्ये ऑटोफोकस बॉडीतच बांधलेला होता, आणि त्यासाठी तिने आपला जुना माउंट टाकून नवा घेतला होता. हौशी ग्राहक तिकडे धावले. उत्तर देणं भाग होतं.

निकॉनचं उत्तर १९८६ चा 'एफ-५०१'. माउंट तोच. बॉडीत एक मोटर, आणि कड्यातून बाहेर डोकावणारं एक छोटं स्क्रूड्रायव्हरसारखं टोक. ते लेन्समधल्या खाचेत बसतं आणि लेन्सचा फोकस फिरवतं. जुन्या लेन्साही बसतात, फक्त त्या हाताने फिरवायच्या. वचन शाबूत.

कॅननचं उत्तर १९८७ मध्ये, कंपनीच्या पन्नाशीच्या वर्षी आलं: 'ईओएस ६५०' आणि त्याच्यासोबत 'ईएफ माउंट'. भोक थेट ५४ मिलिमीटर. सेन्सरपर्यंतचं अंतर (तेव्हा अर्थात फिल्मपर्यंतचं) ४४ मिलिमीटर. फोकसची मोटर प्रत्येक लेन्सच्या पोटात. ॲपर्चरही विजेवर. बॉडी आणि लेन्स यांच्यात एकही कळ, दांडा, खिळा नाही. फक्त सोनेरी टिकल्यांसारखे विजेचे संपर्क आणि त्यांतून जाणारे संदेश.

याची किंमत ज्यांच्याकडे कॅननच्या जुन्या 'एफडी' लेन्सा होत्या त्यांनी मोजली. एफडीचं अंतर ४२ मिलिमीटर होतं, नव्याचं ४४. जुनी लेन्स नव्या बॉडीवर लावली तर ती दोन मिलिमीटर जास्त पुढे राहते, आणि मध्ये काच घातल्याशिवाय दूरचं दृश्य फोकसमध्ये येत नाही. ज्या व्यावसायिकांनी १९८६ मध्ये कॅननचा उत्तम 'टी९०' घेतला होता, त्यांना वर्षभरात कळलं की आपण शेवटच्या गाडीत बसलो आहोत. त्यांच्या संतापाची कल्पना करायला फोटोग्राफर असण्याची गरज नाही. ज्याचं ॲप एका अपडेटमध्ये बंद पडलं आहे त्याला ती येते.

पण मोडल्याचा फायदाही लवकर दिसला. लेन्समधली मोटर त्या लेन्सच्या वजनाला साजेशी बनवता येत होती. मोठ्या टेलिफोटो लेन्सा झपकन आणि आवाज न करता फोकस करू लागल्या. नव्वदच्या दशकात क्रीडांगणाच्या कडेला कॅननच्या पांढऱ्या लेन्सांची रांग दिसू लागली ती यामुळे. निकॉननेही मग १९९२ पासून काही मोठ्या लेन्सांत मोटर घातली. म्हणजे एफ माउंटवर आता तीन पिढ्या एकत्र नांदत होत्या: हाताच्या लेन्सा, स्क्रूच्या लेन्सा, मोटरच्या लेन्सा.

आणि तिथे ठिगळं दिसू लागली. २००६ मध्ये आलेला निकॉनचा स्वस्त 'डी४०' लहान आणि हलका करण्यासाठी त्याच्या बॉडीतली मोटर काढून टाकली. स्क्रूच्या लेन्सा त्यावर बसत, पण आपोआप फोकस होत नसत. काही अगदी जुन्या, एआयपूर्व लेन्सा काही नव्या बॉडींवर जबरदस्तीने बसवल्या तर कळ मोडायची भीती. 'सगळ्या लेन्सा बसतात' हे वाक्य खरंच राहिलं. 'सगळ्या लेन्सा चालतात' हे मात्र कोष्टक बघूनच सांगावं लागे.

दोन कॅमेरे, एक मंगल कार्यालय

आता २००८ ला परत येऊ. पूर्ण आकाराच्या सेन्सरमध्ये कॅनन पुढे होता. त्याचा ११ मेगापिक्सेलचा '१डीएस' २००२ चाच, आणि पहिला '५डी' २००५ चा. निकॉनचा पहिला पूर्ण आकाराचा 'डी३' यायला २००७ उजाडलं. पण आला तो असा की अंधारात त्याने काढलेले फोटो बघून कॅननवाले गप्प झाले. डी७०० म्हणजे तोच सेन्सर आणि तीच ५१ बिंदूंची फोकस यंत्रणा, लहान बॉडीत आणि बऱ्याच कमी किमतीत.

मेगापिक्सेलचा फरक किती खरा? २१ आणि १२ हे आकडे ऐकले की जवळपास दुप्पट वाटतं. पण फोटोची लांबी मोजा: मार्क २ चा फोटो ५६१६ बाय ३७४४ पिक्सेल, डी७०० चा ४२५६ बाय २८३२. लांबीत फरक सुमारे एक तृतीयांश. आपल्याकडच्या लग्नाच्या करिझ्मा अल्बमचं उघडलेलं पान १२ बाय ३६ इंच असतं, म्हणजे एक बाजू १२ बाय १८. एका बाजूवर एकच फोटो पूर्ण पसरला तर मार्क २ दर इंचाला ३१२ पिक्सेल देतो, डी७०० देतो २३६. छापखान्याच्या ३०० च्या नियमात पहिला बसतो, दुसरा थोडा कमी पडतो. मांडीवर अल्बम घेऊन बसलेल्या आजीला हा फरक दिसणार नाही. पण तोच फोटो दोन्ही पानांवर पसरवायचा ठरवला, तर दिसायला लागेल.

आता फोकस. आपल्या लग्नातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण आठवा. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट खाली जातो, वाजंत्री सुरू होते आणि चारी बाजूंनी अक्षता पडतात. फोटोग्राफरकडे दोन-तीन सेकंद असतात. वधूवर चौकटीच्या मध्यावर नसतात, हार उंचावले जात असतात, लेन्स आणि चेहरे यांच्यामध्ये तांदळाचा पाऊस असतो. फोकस एखाद्या अक्षतेवर उडी मारून बसला की चेहरे गेले. मार्क २ च्या नऊ बिंदूंपैकी खरा भरवशाचा मधला एक. त्यावर फोकस धरायचा, मग चौकट सरकवायची, अशी त्याची रीत. डी७०० चे ५१ बिंदू चौकटीच्या मोठ्या मधल्या भागात पसरलेले आहेत आणि हलणाऱ्या चेहऱ्यामागे जातात. 'पुन्हा एकदा अंतरपाट धरा' असं भटजींना कोणी सांगू शकत नाही.

इथपर्यंत हिशोब करून २००८ मध्ये एखाद्याने ठामपणे डी७०० घेतला असता, तर त्याचं चुकलं असं कोण म्हणेल? पण मार्क २ ला इतिहासात जागा मिळाली ती या कोष्टकातल्या ज्या ओळीकडे फारसं कुणी बघत नव्हतं तिच्यामुळे.

पुन्हा एकदा, कॅननवर निक्कोर

व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर निकॉनचाच होता: ऑगस्ट २००८ चा 'डी९०'. त्याचा व्हिडिओ ७२० रेषांचा. तीन आठवड्यांनी मार्क २ आला, १०८० रेषांसह आणि सिनेमाच्या कॅमेऱ्यापेक्षाही मोठ्या सेन्सरसह. छायाचित्रकार व्हिन्सेंट लाफोरे याने त्याचा नमुना एका शनिवार-रविवारसाठी मागून घेतला आणि 'रेव्हरी' नावाची छोटी फिल्म रात्रीच्या शहरात काढली. पार्श्वभूमी लोण्यासारखी वितळलेली, रस्त्यावरच्या दिव्यांत दिसणारे चेहरे. असं चित्र तोवर फार महागड्या कॅमेऱ्यांतून येत असे. फिल्म इंटरनेटवर आली आणि सिनेमावाले जागे झाले.

पण हा कॅमेरा सिनेमासाठी बनवलाच नव्हता, हे हातात घेतल्यावर लगेच कळत होतं. व्हिडिओ चालू केला की ॲपर्चर, शटर, आयएसओ सगळं कॅमेरा स्वतः ठरवणार. पात्र खिडकीसमोरून गेलं की चित्र आपोआप काळवंडणार. सेकंदाला चौकटी ३०, त्या बदलता येत नाहीत. सिनेमाला २४ लागतात, आपल्याकडच्या टीव्हीला २५.

मग लोकांनी काय केलं? काहींनी कॅननची लेन्स एक बटण दाबून धरत किंचित उलटी फिरवली, म्हणजे विजेचे संपर्क तुटतात आणि ॲपर्चर आहे तिथेच अडकतं. आणि पुष्कळांनी याहून सोपं केलं: निकॉनच्या जुन्या लेन्सा आणल्या. एफ माउंटचं अंतर ४६.५, ईएफचं ४४. फरक अडीच मिलिमीटर. तेवढ्या जाडीचं एक धातूचं कडं मध्ये घातलं की १९७७ ची निक्कोर २००८ च्या कॅननवर चपखल बसते, आणि तिच्या अंगावर ॲपर्चरची रिंग असते. हाताने फिरवा, तिथेच राहील, कॅमेऱ्याला विचारायची गरज नाही. उलट दिशेने हे जमत नाही. कॅननची लेन्स निकॉनवर लावायला उणे अडीच मिलिमीटरचं कडं लागेल.

हान्सा कॅननला ७० वर्षं उलटून गेली होती आणि कॅननच्या बॉडीवर पुन्हा निक्कोर बसली होती. या वेळी कुठल्याही करारावर सही झाली नव्हती. ज्या कंपनीने जुन्या यांत्रिक रिंगा इतकी वर्षं सांभाळल्या, त्यांचा फायदा तिच्या प्रतिस्पर्ध्याच्या कॅमेऱ्याला झाला.

२००९ च्या जूनमध्ये कॅननने नवं फर्मवेअर दिलं आणि व्हिडिओत हाताने नियंत्रण आलं. मार्च २०१० मध्ये २४ आणि २५ चौकटीही आल्या. त्याआधीच ट्रॅमेल हडसन या प्रोग्रामरने 'मॅजिक लँटर्न' नावाचं स्वतंत्र सॉफ्टवेअर लिहायला घेतलं होतं. ते कार्डावरून चालायचं, कंपनीच्या फर्मवेअरच्या शेजारी बसायचं, आणि आवाजाची पातळी, जास्त उजळ भागावर पट्टे अशा सिनेमावाल्यांना लागणाऱ्या गोष्टी पडद्यावर दाखवायचं. कोड सगळ्यांसाठी खुला. २०१३ मध्ये त्यातूनच कच्चा, न दाबलेला व्हिडिओसुद्धा निघू लागला, पाच वर्षं जुन्या कॅमेऱ्यातून. मी हा कोड वाचायला बसलो तेव्हा रात्रीचं जेवण विसरलो होतो.

२०१० मध्ये 'हाउस' या अमेरिकी मालिकेच्या सहाव्या पर्वाचा शेवटचा भाग मार्क २ वर चित्रित झाला. आपल्याकडे अमोल गुप्ते यांचा 'स्टॅनली का डब्बा' (२०११) कॅननच्याच धाकट्या ७डी वर काढला गेला. आणि लग्नाच्या शूटिंगमध्ये खांद्यावरचा व्हिडिओ कॅमेरा आणि डोळ्यांवर मारलेला हॅलोजन हळूहळू मागे पडून 'सिनेमॅटिक' हा शब्द आला. आज रीलमध्ये नवरीचा चेहरा स्पष्ट आणि मागचे दिवे गोल-गोल धूसर दिसतात, त्या चवीची सुरुवात इथली.

साडेतीन दशकांचा हिशोब आणि आतेभावाचं कपाट

हे सगळं मी शोधत बसलो त्याला निमित्त होतं. माझा आतेभाऊ मिरजेजवळ राहतो. कारखान्यातली नोकरी सुटल्यावर त्याने लग्नाचे फोटो काढायचं ठरवलं. आतोबांचा पूर्वी स्टुडिओ होता. त्यांच्या कपाटात निकॉनच्या तीन स्क्रूच्या लेन्सा निघाल्या, नव्वदच्या दशकातल्या, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवलेल्या. बुरशीचा ठिपका नाही. बॉडीसाठी त्याच्याकडे असलेले पैसे नोकरी सुटताना मिळालेले होते, आणि त्यातच घराचे तीन महिने काढायचे होते. त्याचा फोन आला: "दादा, दुकानदार म्हणतोय मार्क २ घे, व्हिडिओ पण होतो. तू सांग."

दुकानदाराचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण मार्क २ घेतला असता तर आतोबांच्या लेन्सा कड्यावर बसल्या असत्या आणि हाताने फिरवाव्या लागल्या असत्या. अक्षता पडत असताना हे शिकायला वर्षं जातात. म्हणजे कॅननच्या लेन्सा नव्याने घ्याव्या लागणार, आणि त्या बॉडीपेक्षा महाग. डी७०० च्या बॉडीत मोटर आहे. तिन्ही लेन्सा पहिल्याच दिवशी आपोआप फोकस होणार. मी त्याला एवढंच विचारलं, "पहिल्या सहा महिन्यांत लोक तुला कशाचे पैसे देणार आहेत?" तो म्हणाला, "फोटोंचे. व्हिडिओला आमच्याकडे दुसरे आहेत, ते मला बोलावतात."

त्याने डी७०० घेतला. मी त्याला हेही सांगितलं की या लेन्सांचा रस्ता पुढे बंद आहे. का, ते सांगतो.

२३ ऑगस्ट २०१८ ला निकॉनने आरसा नसलेला 'झेड७' जाहीर केला. तेरा दिवसांनी, ५ सप्टेंबरला, कॅननने 'ईओएस आर' जाहीर केला. आरसा गेला की सेन्सर लेन्सच्या खूप जवळ आणता येतो, म्हणून दोघांनीही नवे माउंट घेतले. एफ माउंटचं वचन ५९ वर्षांनी थांबलं. दोघांनी जुन्या लेन्सांसाठी आपापले अडॅप्टर दिले.

आणि इथे १९८७ चा हिशोब लागला. कॅननचा अडॅप्टर म्हणजे जवळजवळ तारा असलेली पोकळ नळी. ईएफ लेन्समध्ये सगळं विजेवरच असल्यामुळे १९८७ ची लेन्सही नव्या बॉडीवर आपोआप फोकस होते. निकॉनच्या अडॅप्टरमध्ये स्क्रू फिरवणारी मोटर नाही. मोटर असलेल्या लेन्सा व्यवस्थित चालतात. स्क्रूच्या लेन्सा बसतात, चित्र सुंदर देतात, पण फोकस हाताने. ज्या कंपनीने ग्राहकांना एकदा उघड्यावर टाकलं, तिच्या त्यानंतरच्या ग्राहकांच्या लेन्सा ३० वर्षांहून जास्त चालल्या. जिने कधीच उघड्यावर टाकलं नाही, तिच्या मधल्या पिढीच्या लेन्सा अर्ध्या अपंग झाल्या.

यावरून 'मोडणाराच शहाणा' असं म्हणायचा मोह होतो. ऑफिसमध्ये माझे काही सहकारी हेच म्हणतील. मला तसं वाटत नाही. १९८७ मध्ये एफडी लेन्सा घेऊन बसलेल्या माणसाला २०१८ मध्ये कुणाची सोय होणार याच्याशी काही घेणं नव्हतं. त्याचं नुकसान खरं होतं आणि त्याला ते कोणी भरून दिलं नाही. आणि निकॉनने जुनं सांभाळलं नसतं, तर आतोबांच्या कपाटातल्या लेन्सांना पंधरा-वीस वर्षांनी डी७०० सारखी बॉडी मिळाली नसती. वचन शेवटपर्यंत टिकलं नाही, पण जितकं टिकलं तितक्यात एका माणसाचा धंदा उभा राहिला.

मोडलं तर एकदाच आणि पूर्ण मोडावं, कारण अर्धं मोडलेलं सगळ्यांत जास्त दुखतं, एवढं मात्र या इतिहासातून मी माझ्या कामासाठी उचललं आहे. निकॉनच्या हाताच्या जुन्या लेन्सांना २०१८ ने काहीच केलं नाही, त्या पूर्वीही हातानेच फिरत होत्या. मोटरच्या लेन्सांनाही काही झालं नाही. अडकल्या त्या मधल्या, ज्यांचं अर्धं काम लेन्समध्ये आणि अर्धं बॉडीत होतं.

तुमच्यासमोर दोन बॉडी असतील, कुठल्याही असोत, तर मेगापिक्सेलचा तक्ता शेवटी वाचा. आधी घरातलं कपाट उघडून बघा की लेन्सा कुठल्या आहेत. मग विचारा की येत्या सहा महिन्यांत पैसे कशाचे मिळणार आहेत. बॉडी पाच-सात वर्षांत जुनी होते, लेन्स तुमच्यानंतरही कुणाच्या तरी कपाटात असेल. निकॉनच्या नव्या झेड माउंटचं भोक किती रुंद आहे ठाऊक आहे? ५५ मिलिमीटर, म्हणजे कॅननच्या १९८७ च्या माउंटपेक्षा एका मिलिमीटरने जास्त.